त्याले ऊन लागलं

'टॅब्लेट गोठला' असं तक्रारीच्या रकान्यात लिहिताना
मलाच हसू आलं.
बाहेर सेहेचाळीस पूर्णांक दोन,
गोळीबार चौकातलं डांबर चपलेला सोडायला तयार नाही,
आणि पिशवीतलं हे बँकेचं यंत्र
रोज अकराच्या पुढं गोठतं.

हेल्पलाइनवरचा मुलगा फार गोड बोलला.
बंद करून चालू करा, मॅडम.
केलं.
नको असलेलं पुसा.
पुसलं. हवं असलेलंही थोडं गेलं त्यात.
कॅमेऱ्याला परवानगी दिली आहे का?
दिली आहे. त्यानं मागितली तितक्यांदा दिली आहे.
मग म्हणाला, थंड जागी ठेवून बघा,
आणि मी विचारलं, भाऊ, तुम्ही कोणत्या गावातून बोलून राह्यले?

डोमाजी पराते, वय एक्क्याऐंशी,
मिलमधले जॉबर.
पेन्शन दोन महिने अडकलेली,
कारण जिवंत असल्याचा फोटो नाही.
ही माझी तिसरी खेप.
तिसऱ्यांदाही त्यांनी दाढी केलेली,
सदऱ्याचं गळ्याशी असलेलं बटणसुद्धा लावलेलं,
खुर्चीत पाय जुळवून बसलेले.

चेहरा गोलात आणा.
आणला.
डोळे मिचकवा.
मिचकवले,
आणि नेमकं तिथंच सगळं थांबलं.
पडद्यावर डोमाजी, डोळे मिटलेले,
तोंड किंचित उघडं,
कडेला एक हिरवी रेघ.
मी त्यावर तळहात ठेवला.
"आलं का?"
"येऊन राह्यलं, बाबाजी."

बटण दाबून धरलं, वीस मोजले, तीस मोजले.
बंदही होईना.
कूलरपुढं धरला तर लाइट गेली.
शेजारचा पोरगा म्हणाला, माझ्या फोनवर काढा न;
चालत नाही, नोंदणी याचीच आहे.
मी दोन चापट्या मारल्या त्याला,
खोटं कशाला बोलू, तीन मारल्या.

तेव्हा डोमाजी उठले,
टॅब्लेट पालथा केला
आणि उलट्या हातानं त्याची पाठ पाहिली,
ताप पाहतात तशी.
"त्याले ऊन लागलं, पोरी.
हाणून काहून राह्यली त्याले?"
आतून एक कांदा आणला, लहानसा, लाल,
आणि कव्हरच्या कप्प्यात, पेनाशेजारी, सरकवला.

"माग अडला का नवा मिस्त्री पयले हातोडा काढे.
मी पयले हात लावून पाहत होतो.
कोठं तापला, कोठं तटला, समजते हाताले."
थोडं थांबून म्हणाले,
"कधी कधी मंग हातोडाच मारा लागे."

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला गेले,
नळ यायच्या आधी, ऊन यायच्या आधी.
कॅमेरा उघडला. काळा. पुन्हा उघडला.
पाचव्यांदा तो आला, डोमाजींसकट,
गालावर अजून तोंड धुतल्याचं पाणी.
मिचकवा. मिचकवले.
हिरवी खूण. हयात आहेत.
"दाखव," म्हणाले, आणि बराच वेळ पाहत राहिले.
"कान लय मोठे झाले माये."

शनिवारी सीताबर्डीच्या दुकानात वाधवानीच्या पोरानं
पाठ उचकटली.
"मॅडम, बॅटरी फुगली आहे.
कॅमेऱ्याची पट्टी दाबून टाकली तिनं.
तापलं की फुगते, फुगली की दाबते,
म्हणून तुमचं सगळंच अडतं."
आत खरंच गादीसारखी एक चांदीची उशी,
सुटायला जागा नसलेली.

कोणालाच कसं सुचलं नाही, पाठ बघायचं?
म्हणजे, एकाला सुचलं होतं.

बिल तेराशे पन्नास. बँक देईल म्हणतात.
कव्हर झटकताना तो कांदा पडला,
सुकून खारकेएवढा झालेला.
पोरानं माझ्याकडं पाहिलं,
काही विचारलं नाही,
बारक्या स्क्रूंच्या वाटीत नीट ठेवून दिला,
तोही परत बसवायचा असल्यासारखा.